पोटाच्या डॉक्टरकडे जाण्याआधी

माझ्या धाकट्या बहिणीने मला न विचारता माझी वेळ घेतली. ती औरंगाबादला एका खासगी दवाखान्यात नर्स आहे. वजन कमी करण्याचं ऑपरेशन करणारा एक सर्जन तिथे महिन्यातून दोनदा बसायचा. तिने त्याच्या यादीत माझं नाव घातलं आणि मगच मला फोन केला. आक्का, तीन आठवड्यांनी बुधवारी यायचं आहे, फॉर्म एस.टी.तून पाठवलाय, नीट भरून आण, असं एका दमात सांगितलं. मी विचारलं, तुला हे करायला कुणी सांगितलं? ती म्हणाली, कुणीच नाही. मी फोन बंद केला आणि पुढचे चार दिवस तिचा फोन उचलला नाही.

फॉर्म चार पानांचा होता. पहिल्या पानावर उंची आणि आजचं वजन, आणि खाली ठळक अक्षरांत ‘अंदाजे लिहू नये’. दुसऱ्यावर आजार, औषधं, वजन उतरवण्यासाठी आजवर काय काय केलं त्याचे रकाने. तिसऱ्यावर सूचना होती की चौदा दिवस जे जे तोंडात जाईल ते वेळेसकट वहीत लिहून आणावे, चहासुद्धा. चौथ्या पानावर दोनच प्रश्न होते. ऑपरेशन का करून घ्यायचे आहे, स्वतःच्या शब्दांत लिहा. आणि सोबत येणाऱ्या घरच्या माणसाचे नाव. मी तो फॉर्म घडी घालून लॅक्टोमीटरच्या डब्याखाली दाबून ठेवला.

मी गावच्या दूध सोसायटीत टेस्टर होते. वडवणी सोडून धारूरच्या डोंगराकडे निघालं की आमचं गाव लागतं. सकाळी सहाला सोसायटीचं दार उघडायचं, सभासद रांगेने किटल्या घेऊन यायचे, आणि मी प्रत्येकाच्या दुधाची मशीनवर फॅट आणि लॅक्टोमीटरने डिग्री, म्हणजे दाटपणा, बघून कार्डावर लिहायचे. आमचं घर बौद्ध. आमच्या वस्तीतून त्या खुर्चीवर बसलेली मी पहिली. माझ्या हातून दूध तपासून घेणं सुरुवातीला काही घरांना फार जड गेलं, पण ते उघड बोलायची सोय राहिली नव्हती. माझ्या वजनावर बोलायची मात्र सगळ्यांना मोकळीक होती, आणि ती त्यांनी पुरेपूर वापरली. मशीनवर आकडा उमटला की रांगेतून कुणीतरी विचारायचं, ही फॅट दुधाची का बाईची? रोज तोच विनोद, आणि रोज तेच लोक हसायचे.

दुष्काळाचं ते दुसरं वर्ष होतं. जनावरं छावणीत गेली आणि सकाळी जिथे सहा कॅन भरायचे तिथे दीड भरायला लागला. मग नवीन बोलणं सुरू झालं. माणसं वाळली, जनावरं वाळली, बाई तेवढी कशी वाळत नाही? सँपलचं दूध कुठे जातं? सँपलचं दूध मी रोज त्यांच्या डोळ्यांसमोर दाराबाहेरच्या बादलीत ओतत होते. ते बघायचे आणि तरी बोलायचे.

मीही गरीब गाय नव्हते. बोलणाऱ्याला तिथल्या तिथे उलट बोलायचे, आणि ज्याच्या दुधात पाणी सापडेल त्याचं नाव सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं घ्यायचे. मला त्यांच्यातलं कुणी आवडत नव्हतं आणि मी कुणाला आवडावं अशी माझी अपेक्षाही नव्हती.

पाचव्या दिवशी मी फॉर्म परत बाहेर काढला. ऑपरेशन मला का हवं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. पण ते चौथ्या पानावर लिहावं लागणार होतं, म्हणून मी पहिल्या पानापासून सुरुवात केली.

गावच्या आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरने माझी उंची मोजली. वजनाचा काटा मात्र एकशेवीसपर्यंतचाच होता. मी वर उभी राहिले तशी सुई पार टोकाला जाऊन थरथरायला लागली. सिस्टर म्हणाली, बाई, उतरा, सरकारी काटा हाय. फॉर्मवर अंदाजे लिहू नये असं छापलेलं. मी विचार केला की गावात मोठा वजनकाटा एकच आहे, आणि तो छावणीत आहे.

गावाबाहेरच्या गायरानावर आमच्याच सोसायटीने चारा छावणी चालवायला घेतली होती. जनावरामागे रोज पंधरा किलो उसाचं वाढं मिळायचं, ते तोलायला लोखंडी फळीचा काटा होता. मी मुद्दाम भर दुपारी गेले, म्हणजे माणसं सावलीला असतील. पण वाढ्याची गाडी नेमकी तेव्हाच आली होती आणि सगळे काट्याभोवती उभे होते. परत फिरले असते तर तेही त्यांनी पाहिलं असतं. मी काटेवाल्याजवळ जाऊन हळू आवाजात सांगितलं की डॉक्टरला वजन कळवायचंय, एकदा बघून द्या. त्याने मान हलवली. मी चपला काढल्या आणि फळीवर चढले.

काटेवाल्याच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मी आज मानते. दिवसभर पेंढ्या तोलून आकडा मोठ्याने सांगायची त्याला सवय झालेली. लाल आकडे थांबले तसा तो वही लिहिणाऱ्या मुनशीकडे तोंड करून ओरडला, “एकशे एकतीस, आठशे!”

मुनशीने वहीतून मान वर न करता विचारलं, “कुणाच्या नावावर?”

मग हसणं सुरू झालं. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. दोन गायींचा मालक असलेला एक उंच, वाळका शेतकरी काट्याला टेकून उभा होता. सकाळच्या रांगेत पहिला नंबर नेहमी त्याचा असायचा. तो शेजारच्याला म्हणाला, “आठ-नऊ जनावरांचं वाढं हाय बे हे. चालतंबोलतं.”

उलट बोलायला मला एरवी वेळ लागत नाही. त्या दिवशी मात्र मी पेन शोधत राहिले. मी तळहातावर पेनने आकडा लिहिला. फळी जमिनीपासून वीतभर उंच होती, उतरताना गुडघा वळेना. कुणी हात दिला नाही, मी मागितलाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शेतकरी रांगेत पहिला होता. मी त्याच्या दुधात लॅक्टोमीटर सोडला. डिग्री सव्वीस आली. चांगल्या वर्षात अठ्ठावीसच्या खालचं दूध मी घेत नसे. पण चाऱ्यात दम नसला की दूध आपोआप पातळ होतं, त्यात पाणी घालावं लागत नाही, हे मला माहीत होतं. ते वर्ष सुरू झाल्यापासून मी पंचवीसपर्यंतचं दूध सगळ्यांचं घेत होते. त्याचंही कालपर्यंत घेतलं होतं. त्या सकाळी मी लॅक्टोमीटर पुसला आणि रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “डिग्री लागली नाही. पाणी आहे. परत न्या.”

त्याने माझ्याकडे बघितलं आणि किटली उचलून निघून गेला. त्याच्यामागे उभा असलेल्याची डिग्री पंचवीस होती. त्याचं दूध मी घेतलं.

दुपारी त्याची बायको आली. मी एकटीच हिशेबाची पानं लावत बसले होते. ती दारातच थांबली. नवरा छावणीत काय बोलला ते तिला बहुतेक ठाऊक नव्हतं. तिने शांतपणे विचारलं, “बाई, दूध कावून परत केलं? टँकरचं पाणी प्यायला पुरंना. दुधात घालायला कुठून आणू?”

मी म्हणाले, मशीन दाखवतं ते मी लिहिते. मशीन काही माझ्या घरचं नाही.

मशीन बंद होतं, त्याच्यावर फडकं घातलेलं होतं. तिने त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि गेली. मी उठून दार लावलं, टेबलाचा खालचा खण उघडला, बिस्किटांचे दोन पुडे आणि फरसाणाची अख्खी पिशवी संपवली. मग वही काढली.

त्या वहीत आदल्या तीन दिवसांत मी जे लिहिलं होतं ते सगळं खोटं होतं. भाकरी एक, वरण वाटीभर, चहा बिनसाखरेचा. घरात सगळ्यांसमोर मी जेवढं खायचे तेवढंच. घरी मी दीड भाकरीच्या पुढे कधी गेले नाही. सासूबाई शेजारपाजारी सांगायच्या की हिचं खाणं तर चिमणीसारखं, वारा खाऊन फुगते की काय कोण जाणे. खरं खाणं त्या खणात होतं, आणि त्याची किल्ली माझ्या मंगळसूत्रात अडकवलेली होती. मी ती तीन पानं फाडली आणि नवीन पानावर लिहिलं: दुपारी पाऊण वाजता, बिस्किटाचे दोन पुडे, फरसाण पाव किलो, सोसायटीत, दार लावून. डॉक्टरवर सूड उगवावा तसं मी ते लिहिलं. बघायचंय ना तुला, घे, बघ. त्या दिवसानंतर मी एकही घास चुकवला नाही.

तो शेतकरी दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी आला तेव्हा पुन्हा पहिला उभा. डिग्री सव्वीसच होती. मी ती कार्डावर लिहिली आणि कार्ड परत देताना म्हणाले, “त्या दिवशीचं दूध चांगलं होतं. मी मुद्दाम परत केलं.”

हे बोलायचं मी काही ठरवून आले नव्हते. त्याच्या बायकोने मशीनवरच्या फडक्याकडे ज्या नजरेने बघितलं ती दोन दिवस माझ्या डोळ्यांसमोरून हलली नव्हती, एवढंच. मागच्या रांगेनेही ते ऐकलं.

तो म्हणाला, “ठाऊक हाय मला. मी बोललो ते तोंडानं बोललो. तुमी पोटावर मारलं.”

“तुम्हीही पोटावरच बोलला होतात,” मी म्हणाले.

त्याने कार्ड माझ्या टेबलावर ठेवलं. त्यानंतर तो फाट्यावरच्या खासगी डेअरीला दूध घालायला लागला आणि परत कधी सोसायटीत आला नाही. मी माफी मागितली नाही. कबूल केलं तेवढं पुष्कळ झालं असं मला तेव्हा वाटत होतं. आता तसं वाटत नाही, पण आता तो गावात राहत नाही.

गोष्ट चेअरमनपर्यंत जायला दुपार लागली नाही. त्यांनी मला बोलावलं. दुष्काळात एकेक सभासद धरून ठेवताना आमचा जीव जातो आणि तुम्ही घालवता, असं त्यांनी सुनावलं. ते चुकीचं नव्हतं. मी त्याच वेळी दोन दिवसांची रजा मागितली. कशाला, ते त्यांना आधीच माहीत होतं, छावणीतून सगळ्यांनाच कळलं होतं. रजा त्यांनी दिली, पण म्हणाले की तोवर दुसऱ्या माणसाला बसवतो, आणि तो बरा निघाला तर पुढचं पुढे बघू. वर हेही म्हणाले की एवढा खटाटोप करण्यापेक्षा चार महिने छावणीत शेण काढा, आपोआप उतरेल. मी उभी राहून ऐकून घेतलं. रजेच्या अर्जावर त्यांची सही हवी होती.

घरात लढाई वेगळीच होती. माझा नवरा पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर होता. धारूरकडच्या एका विहिरीवरून टँकर भरायचा आणि तीन गावांना फिरवायचा. त्याने मला वजनावरून कधी बोल लावला नाही. दुसरं कुणी बोललं तर त्याला अडवलंही नाही. मी त्याला विचारलं की सोबत घरचं माणूस लागतं, येणार का? तो म्हणाला, माझ्या फेऱ्या हायत, मी गेलो तर तीन गावं कोरडी राहतील. हे खरंच होतं. पण फेऱ्या नसत्या तरी तो त्या डॉक्टरसमोर माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला नसता, हेही मला कळत होतं. मी म्हणाले, नको येऊ, मी एकटी जाईन.

सासूबाई चुलीपुढे बसून ऐकत होत्या. त्यांना मी आत्या म्हणते. त्या अंगाने काडीसारख्या. मागच्या मोठ्या दुष्काळात नवी नवरी असताना त्यांनी रोजगार हमीच्या कामावर खडी फोडली होती आणि तिथे वाटलेली सुकडी खाऊन दिवस काढले होते. त्यांनी विचारलं, तिथं करतात तरी काय? मी सांगितलं की पोटाची पिशवी कापून लहान करतात, म्हणजे भूक कमी लागते आणि थोडक्यात पोट भरतं. त्यांनी हातातली भाकरी परातीत टाकली.

“आमी पोट भराया दगडं फोडली,” त्या म्हणाल्या. “आन् तू पोट कमी कराया औरंगाबादला निघालीस?”

“मग तुम्ही दगडं फोडली म्हणून मी अशीच मरू का?” मी म्हणाले.

नवरा ताटावरून उठला आणि टँकरकडे गेला. पुढचे आठ दिवस आत्या माझ्याशी बोलल्या नाहीत. भाकरी मात्र त्या मोजून दीडच वाढत राहिल्या.

बुधवारी जायचं होतं आणि सोमवारपर्यंत चौथं पान कोरंच होतं. त्या दुपारी मी सोसायटीत बसून लिहायला घेतलं. गुडघे दुखतात. चार पावलं चढली की दम लागतो. झोपेत श्वास अडकतो असं नवरा सांगतो. हे सगळं खरं होतं, पण यातल्या कशासाठीही मी औरंगाबादपर्यंत गेले नसते.

आदल्या वर्षी माझी आई गेली. माहेर सिरसाळ्याच्या बाजूला आहे. तिच्या नावाने पाणी ओतायच्या जलदान विधीला अंगणात मांडव घातला होता. पांढरी साडी, पांढरी चादर, बुटक्या टेबलावर तसबिरी, आणि सगळी माणसं खाली सतरंजीवर. मला खाली बसता येत नव्हतं. बसले असते तर उठवायला दोघीतिघी लागल्या असत्या. भावाने एक प्लॅस्टिकची खुर्ची आणून कडेला ठेवली आणि मी तिच्यावर बसले. वंदना सुरू व्हायच्या आधी विहाराच्या कमिटीतले एक वयस्कर गृहस्थ उठले. ते मला लहानपणापासून ओळखत होते. ते सगळ्यांसमोर म्हणाले की तसबिरीपेक्षा उंच कुणी बसू नये, खुर्ची मांडवाबाहेर न्या.

तीस-चाळीस माणसं होती. कुणी काही बोललं नाही. माझी बहीण उठली, तिने माझ्या दंडाला धरून मला उभं केलं, खुर्ची उचलली आणि मांडवाबाहेर उन्हात नेऊन ठेवली. मी तिथे बसून कनातीच्या मागून त्रिशरण ऐकलं. पाणी ओतायच्या वेळी भन्तेंनी लेकींना पुढे बोलावलं. मी खुर्चीतून उठून, वळसा घालून आत पोचेपर्यंत पाणी ओतून झालं होतं. आईच्या नावाने मला एक थेंब ओतता आला नाही.

त्या म्हाताऱ्याचा मला आलेला राग मी समजू शकते, तो मला सोपा जातो. बहिणीचा राग अवघड होता. खुर्ची तिने उचलली होती, आणि आता नाव नोंदवून मला ऑपरेशनच्या टेबलावर नेत होती तीही तीच. त्या वेळी मला दोन्ही एकच वाटत होतं.

फॉर्मवर चार ओळींची जागा होती. खुर्ची कुणी नेली तेवढं सोडून मी हे सगळं लिहिलं, ओळी संपल्यावर समासात लिहिलं, समास संपल्यावर पान उलटून मागे लिहिलं. सोबतच्या माणसाच्या नावापुढे एक रेघ मारली.

मंगळवारी बीडची गाडी पकडायला मी निघाले तर आत्या लुगडं बदलून, पिशवी काखोटीला मारून दारात उभ्या. म्हणाल्या, “मी येते. काय कापणार हायत ते मला बघू दे.” मला त्या यायला नको होत्या. पण त्या रस्त्याला लागल्याही होत्या. गाडीत मी रेघेवर त्यांचं नाव लिहिलं. पेन इतकं दाबलं की कागद फाटला.

रात्री आम्ही बहिणीच्या खोलीवर थांबलो आणि बुधवारी सकाळी दवाखान्यात गेलो. तिथली खुर्ची रुंद होती, तिला हात नव्हते. हे मी आजवर कुठल्याच दवाखान्यात पाहिलं नव्हतं. वजन पडद्याआड घेतलं. नर्सने आकडा कागदावर लिहिला आणि तोंडाने उच्चारला नाही. हे चांगलं वागणं बघूनही मला रागच आला. एवढं साधं असतं तर इतकी वर्षं बाकीच्यांना का जमलं नाही, असं वाटलं.

सर्जन चाळिशीच्या आतला, चष्मेवाला. मी मनात आठ दिवस त्याच्याशी भांडत होते. तो काहीतरी लागेल असं बोलेल आणि मी उठून येईन, असं ठरवून ठेवलं होतं. त्याने आधी माझी वही शांतपणे पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मग विचारलं, अकराच दिवस का? मी म्हणाले, पहिले तीन दिवस खोटं लिहिलं होतं, ती पानं फाडली. तो ‘बरं’ म्हणाला आणि काहीतरी टिपून घेतलं. मला थोडी फसवणूक झाल्यासारखं वाटलं. माझ्याकडे उत्तरं तयार होती, प्रश्नच आले नाहीत.

त्याने कागदावर पोट काढून दाखवलं. किती भाग कापणार, काय धोका असतो, नंतर घास किती लहान घ्यायचा, गोळ्या जन्मभर कशा घ्याव्या लागतात. आधी रक्ताच्या तपासण्या, पोटात दुर्बीण घालून बघणं, मग आहाराच्या बाईंकडे आणि मनाच्या डॉक्टरकडे जायचं. शेवटी म्हणाला की ऑपरेशननंतर दिवसभर घोट घोट पाणी पीत राहायचं, शरीरात पाणी कमी पडलं तर जिवावर बेतू शकतं. घरी पाण्याचं कसं आहे?

मी सांगितलं की टँकर चार दिवसांनी येतो. नवरा टँकरवर आहे म्हणून सगळ्यांची नजर आमच्या दारावर, त्यामुळे आम्हाला दोन हंडे कमीच मिळतात. त्याने पेन खाली ठेवलं. मग पाऊस होऊन पाण्याची सोय लागल्याशिवाय मी हात लावणार नाही, असं स्पष्ट सांगितलं.

“म्हणजे माझं पोटही आता पावसावर,” मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. तीन आठवडे मी स्वतःला काट्यावर चढवलं होतं, वहीत उघडं केलं होतं, एका घराचं दूध परत केलं होतं, आणि हा माणूस आता आभाळाकडे बोट दाखवत होता.

आत्या खुर्चीत पुढे सरकल्या. त्यांनी विचारलं, “पाणी किती लागतंय?”

डॉक्टर म्हणाला, दिवसाला दोन लिटर, उकळून गार केलेलं.

त्यांनी मनात हिशेब केला. “मंजे चार तांबे. तेवढं माझ्या वाटचं हाय. तिला मी देते. तुमी तारीख द्या.”

डॉक्टरने त्यांना समजावलं की कुणाच्या वाटचं काढून चालणार नाही, तुम्हालाही पाणी लागतं, आणि तपासण्यांना तसेही काही महिने जातील. आत्यांना ते पटलं नाही. त्या त्याच्याशी भांडत राहिल्या. मी त्यांच्याकडे बघत बसले. घरात आठ दिवस त्यांनी माझ्याशी अबोला धरला होता, आणि इथे माझ्या ऑपरेशनची तारीख मागत होत्या. मला त्याचा आनंद झाला असं म्हणणं खोटं ठरेल. ही बाई मला कधीच कळली नव्हती, एवढं फक्त जाणवलं, आणि त्याची थोडी लाज वाटली.

मग डॉक्टरने चौथं पान वाचलं, पुढून आणि मागून. वाचून झाल्यावर विचारलं, “खुर्ची बाहेर कुणी नेली?”

“माझ्या बहिणीने,” मी म्हणाले. “ती तुमच्याकडेच नर्स आहे.”

बहीण दारात फायली घेऊन उभी होती. तिने ऐकलं. फायली टेबलावर ठेवून ती बाहेर गेली. नंतर व्हरांड्यात तिने मला गाठलं. म्हणाली, “मी नेली नसती तर त्यांनी तुला घालवून दिलं असतं.”

“मग घालवू द्यायचं होतंस. तू कशाला उचललीस?”

ती स्टँडपर्यंत आमच्यासोबत चालत आली. तिने आत्यांच्या पाया पडून घेतलं आणि माझ्याकडे न बघता तपासण्यांचा कागद माझ्या पिशवीत घातला. तिच्याशी नीट बोलायला मला पुढे दीड वर्ष लागलं.

त्या वर्षी पाऊस बरा झाला. तोवर तपासण्यांसाठी मी दोनदा जाऊन आले होते. मनाच्या डॉक्टर बाईंनी विचारलं की राग येतो का, मी म्हणाले की येतो, आणि त्या बाईंनी सहा वेळा बोलावलं. ऑपरेशन थंडीत झालं. पहिला महिना मी वाटीने खिमटी खाल्ली आणि पाणी प्यायले. पाणी आत्या रोज सकाळी उकळून ठेवायच्या. ठेवताना बोलायच्या नाहीत. वस्तीत मात्र सांगत फिरायच्या की सुनेनं चांगलं धडधाकट पोट कापून घेतलं. सोसायटीत माझ्या जागेवर बसवलेला माणूस बरा निघाला, म्हणून मला छावणीचे जुने हिशेब लावायला बसवलं. तिथे दिवसभर एकटं बसावं लागतं, कुणी समोर येत नाही. ते मला मानवलं.

आज माझं वजन शहाऐंशीच्या आसपास आहे. मी खाली सतरंजीवर बसते आणि हाताला धरून का होईना, उठते. गावातले लोक आता विचारतात की बाईला काही मोठा आजार झालाय का. रांगेत हसणारे तेच लोक. परवा सासूबाई अंगणात धान्य निवडत होत्या. मी समोर बसून त्यांना मदत करत होते. त्यांनी मला वरून खाली न्याहाळलं आणि म्हणाल्या, “लई वाळलीस. चांगली दिसत न्हाईस.”

मी म्हणाले, मग बघू नका.